गाळलेली ओळ

संहितेतील एखादी ओळ ‘पुनरुक्ती’ ठरवून गाळण्याचा अधिकार संपादकाला कितपत असावा, हा आपल्या अभ्यासक्षेत्रातला जुना वाद आहे. संगणकाच्या प्रांतात तो २००९ साली लिनक्सच्या गाभ्यात उभा राहिला.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा अनुवादक म्हणजे कंपायलर. प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून तो अनावश्यक वाटणाऱ्या ओळी गाळतोही. लिनक्समधील एका ड्रायव्हरात एका पत्त्यावरचा मजकूर आधी वाचला होता आणि तो पत्ता रिकामा तर नाही ना, ही तपासणी पुढल्या ओळीत होती. जीसीसी या कंपायलरने तर्क केला: ज्या अर्थी वाचले, त्या अर्थी पत्ता रिकामा नसणार, मग तपासणी कशाला? ओळ गेली, आणि प्रोग्रॅम कोसळण्याऐवजी यंत्राचा ताबाच परक्याच्या हाती जाण्याची वाट मोकळी झाली.

सी भाषेच्या नियमांनुसार कंपायलर निर्दोष ठरतो. रिकाम्या पत्त्यावरून वाचल्यास काय होईल, याची हमी ती भाषा देतच नाही. मला हा निवाडा अर्धाच पटतो. क्रम चुकला तो लेखकाचा, हे खरे. पण त्या ओळीत त्याची भीती स्पष्ट लिहिलेली होती. चांगला संपादक ओळ गाळतो तेव्हा निदान तळटीप तरी ठेवतो. पुढे लिनक्सकारांनी अशा तपासण्या गाळू नयेत अशी आज्ञाच कंपायलरला देऊन ठेवली.

अर्थात, दरवेळी लेखक चुकलेला असतोच असे नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या कामात नियमशुद्ध प्रोग्रॅम अनेक कंपायलरांकडून उतरवून घेऊन त्यांची उत्तरे ताडून पाहिली होती. हस्तलिखिते शेजारी ठेवून पाठभेद शोधण्याचीच ही रीत. तीन वर्षांत ३२५हून अधिक दोष निघाले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी स्वतः कोसळला, तर कधी त्याने मुकाट्याने चुकीचे भाषांतर केले. मला दुसरा प्रकार अधिक भयंकर वाटतो. कोसळणारा निदान बोंब तरी मारतो.

झाव्हिए लरॉय यांच्या काँपसर्ट या कंपायलरची अचूकता गणिताने सिद्ध केलेली आहे. त्याच्या सिद्ध केलेल्या भागांत मात्र या मंडळींना चुकीचे भाषांतर सापडले नाही. त्याने उतरवलेले प्रोग्रॅम जीसीसीच्या मानाने काहीसे संथ चालतात. तेवढा संथपणा मला तरी महाग वाटत नाही.