अगंज पोलाद आणि खारे पाणी

परिभाषेच्या कामात कधी कधी एखादा शब्द इतका सोईस्कर ठरतो की, तो वस्तूविषयी खरे सांगतो की नाही हे तपासावयाचेच राहून जाते. ‘अगंज पोलाद’ हा असाच एक शब्द होय. ‘स्टेनलेस’ या इंग्रजी विशेषणाचा तो सुटसुटीत पर्याय आहे यात शंका नाही. परंतु त्यातील नकारार्थी ‘अ’ वाचकाच्या मनात असा समज उत्पन्न करतो की, या धातूवर गंज चढणे शक्यच नाही. ताटवाट्यांच्या बाबतीत हा समज फारसा अपायकारक नाही. नौकेच्या बाबतीत मात्र तो घातक ठरू शकतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

1913 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी शेकडा सुमारे 13 क्रोमियम असलेले पोलाद ओतले. त्यांच्यापुढील प्रश्न बंदुकीच्या नळ्यांच्या झिजेचा होता. पण त्या पोलादाचा लौकिक झाला तो सुऱ्या-काट्यांमुळे. त्याच सुमारास जर्मनीत क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून केलेली पोलादे सिद्ध झाली. या सर्वांचे मर्म एकच आहे. पोलादात शेकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम असले, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट, एवढीच असते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण धातूला घट्ट चिकटून राहतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो. तेव्हा हे पोलाद गंजत नाही असे म्हणण्यापेक्षा, ते अगदी थोडे गंजते आणि तेथेच थांबते, असे म्हणणे शास्त्रास अधिक धरून आहे.

पापुद्रा भरून येण्यास ऑक्सिजन लागतो, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. आणि समुद्राच्या पाण्यात, दर किलोग्रॅमला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात, जे क्षार असतात, त्यांत क्लोराइडचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. क्लोराइड हा या पापुद्र्याचा हाडवैरी होय. तो एखाद्या दुबळ्या बिंदूवर पापुद्रा फोडतो आणि तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. वरून पाहणाऱ्यास तपकिरी ठिपका दिसतो. आत पोकळी पसरत असते.

याहून वाईट प्रकार फटीतला. बोल्टचे डोके आणि वॉशर यांमधील जागा, रबरी पट्टीखालचा भाग, तारदोराचे टोक जिच्यात दाबून बसवलेले असते ती नळी, या जागांत खारे पाणी शिरते पण खेळत नाही. तेथील ऑक्सिजन लवकरच संपतो. पापुद्रा दुरुस्त होईनासा होतो. विरघळलेल्या धातूमुळे पाणी आम्ल बनते. विद्युत्‌भार सांभाळण्यासाठी बाहेरचे क्लोराइड आत ओढले जाते, आणि आम्लता आणखी वाढते. एकदा सुरू झालेली ही क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते. ओल्या लाकडातून आरपार गेलेला बोल्ट हे याचे उत्तम, म्हणजे खरे तर अत्यंत वाईट, उदाहरण होय. त्याचे डोके आणि नट आरशासारखे चकचकीत असतात, आणि मधला भाग कुरतडल्यासारखा बारीक झालेला असतो. साधे लोखंड या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावयाचे: ते फुगते, रंग फोडते, लाल ओघळ सोडते, आणि मालकाला वेळीच सावध करते. अगंज पोलाद पुष्कळदा एकदम तुटते. 1985 साली स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे एका पोहण्याच्या तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून 12 माणसे दगावली. ते छत अगंज पोलादाच्या दांड्यांनी टांगलेले होते. तेथे समुद्र नव्हता, तलावाच्या दमट हवेतील क्लोराइडयुक्त थर आणि दांड्यांवरील ताण होता.

2024 च्या ऑगस्टमध्ये मालवणजवळच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला, तेव्हा गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा घरोघर झाली, आणि किनाऱ्यावर अगंज पोलादच वापरावे असेही म्हटले गेले. सूचना योग्यच आहे. परंतु कोणते अगंज पोलाद, हे सांगितल्याखेरीज ती अपुरी राहते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 316 या प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनमही असते, आणि छिद्रे पडण्यास प्रतिकार होतो तो मुख्यतः त्यामुळे. अभियंते क्रोमियमची टक्केवारी, मॉलिब्डेनमची 3.3 पट आणि नायट्रोजनची 16 पट यांची बेरीज करून एक अंक काढतात. 304 चा अंक 18 ते 20, 316 चा 24 च्या आसपास, आणि 22 टक्के क्रोमियमच्या द्विप्रावस्था पोलादाचा 35 च्या घरात जातो. सतत समुद्रात बुडून राहणाऱ्या भागासाठी तो 40 च्या वर असावा असे मानतात. म्हणजे उत्तम समजले जाणारे 316 सुद्धा डेकवरील कठड्याला शोभते, पाण्याखाली त्याला एकटे सोडणे बरे नव्हे. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या 200 मालिकेच्या पोलादांना तर नौकेवर थाराच असू नये, आणि आपल्या देशात तीच विपुल आहेत.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, आणि ग्राहक समाधान पावतो. 304 आणि 316 यांतील भेद लोहचुंबकाला कळत नाही. बोल्टच्या डोक्यावरील खूण पाहणे हाच साधा उपाय: ‘ए2’ म्हणजे 304 च्या वर्गातील, ‘ए4’ म्हणजे 316 च्या. कारैकुडीची विद्युत्-रासायनिक संशोधन संस्था किंवा कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था यांना हे सर्व अर्थातच ठाऊक आहे. ते बंदरावरच्या दुकानापर्यंत आणि खरेदीच्या कागदापर्यंत पोचावयास हवे. ज्या निविदेत नुसते ‘स्टेनलेस स्टील’ असे लिहिलेले असते, ती निविदा अपुरी समजून परत पाठवावी, एवढा आग्रह धरणे मुळीच अवाजवी नाही. वेल्डिंग करावयाचे असेल, तर 0.03 टक्क्यांहून अधिक कार्बन नसलेली ‘एल’ प्रत मागावी. नाहीतर उष्णतेने क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि सांध्यालगतचा पट्टा दुबळा होतो.

पाण्याखालच्या भागांसाठी जुनाच मार्ग आहे. 1824 मध्ये हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड व जस्त जोडून पत्रा वाचवून दाखवला. आजही पंख्याच्या शाफ्टवर जस्ताची कडी बसवतात ती याच तत्त्वावर. जस्त झिजते म्हणून शाफ्ट टिकतो. या कडीवर रंग फासणारा मनुष्य तिचा उपयोगच नाहीसा करतो. उलट, ॲल्युमिनियमच्या पत्र्यात अगंज बोल्ट उघडा बसवला, तर झीज ॲल्युमिनियमची होते. म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि सीलबंद करणारा लेप हवा.

राहता राहिली निगा. गोड्या पाण्याने धुणे हा तिचा मोठा भाग आहे. पाऊस लागणाऱ्या कठड्यापेक्षा छपराखालचा कठडा लवकर डागाळतो, तो मीठ धुतले जात नाही म्हणून. लोखंडी ब्रश किंवा लोखंडी काथ्या वापरू नये. त्यांचे कण धातूत रुततात आणि तेच गंजू लागतात. विरंजक चूर्ण आणि मिठाचे आम्ल यांपासून दूर राहावे. डाग पडलेच तर सायट्रिक आम्लाने स्वच्छ करून भरपूर पाण्याने धुवावे. आणि पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा ताण पडणाऱ्या ठिकाणचे दोन-चार बोल्ट पूर्ण बाहेर काढून त्यांचा मधला भाग बोट फिरवून पाहावा. एकही खडबडीत लागला, तर त्या ओळीतील सगळेच बदलावेत.