गावोगावचे सारथी

माणसाची पारख बोलण्यावरून होते. गावाची पारख मात्र रस्त्यावर. पुणेकर एकेरी मार्गावर उलट्या दिशेने येईल आणि सरळ येणाऱ्यालाच ‘दिसत नाही का?’ म्हणून विचारील. हेल्मेटला त्याचा विरोध आहे तो तात्त्विक! कोल्हापुरात दोन दोस्त शेजारी शेजारी दुचाक्या हाकीत गप्पा मारतात. मागचा घाई करू लागला, तर ‘जावा की राव!’ म्हणून त्यालाच मोठ्या मनाने परवानगी देतात. मुंबईकराला मात्र बोलायला सवड नाही. तो हॉर्न वाजवितो. दिवा तांबडा असला, तरी वाजवितो! म्हणून तेथील पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत एक युक्ती करून पाहिली : गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की तांबड्या दिव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू!

तऱ्हा निराळ्या, हिशेब एकच. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतल्या कितीजणांसाठी घरी कोणी ना कोणी जेवायचे थांबले असेल!

यंदा फराळाला पाहुणे उशिरा आले, तर रागावू नका. चकल्या थोड्या मऊ पडतील एवढेच. माणसे तर धड आली!