पैसे त्यांनी नेले, गाणे तुम्ही काढलेत

आमची गाणी ॲपवर चढवणाऱ्या वितरण कंपनीच्या व्यवस्थापकांस,

माझे अकरा मेल तुमच्याकडे पडून आहेत. अकराही मेलना शेवटी तेच छापील उत्तर आले: कृत्रिम स्ट्रीम आढळल्या, गाणे काढले आहे, निर्णय अंतिम आहे. म्हणून हे बारावे पत्र सगळ्यांसमोर.

आम्ही लालबागची नऊ जणांची बेंजो पार्टी. दिवसा कोणी कुरिअर पोचवतो, कोणी परळच्या मेडिकलमध्ये उभा असतो. स्वतःच्या चालीचे गणपतीचे गाणे पोटमाळ्यावर, भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद ठेवून रेकॉर्ड केले. खालच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. गाणे तुमच्यामार्फत चढले आणि चौथ्या दिवशी इन्स्टाग्रामवर निरोप आला: ‘दादा, गाण्यात दम आहे, प्लेलिस्टमध्ये टाकतो, पन्नास हजार स्ट्रीमची गॅरंटी.’ नऊ जणांनी दीड-दीड हजार काढले. 13,500 रुपये यूपीआयने गेले.

पुढचे आकडे तुमच्याच डॅशबोर्डवरचे आहेत. तोवर 2,140 स्ट्रीम होत्या. तीन दिवसांत त्या 61,300 झाल्या. श्रोत्यांच्या शहरांत पहिले हेलसिंकी, दुसरे फ्रँकफर्ट, मुंबई चौथी. पोरे खूश झाली. मी ते पान दोन वेळा उघडून पाहिले आणि पोटात गोळा आला. हेलसिंकीत आमचा बेंजो कोण ऐकतो? त्याच रात्री मी स्वतःहून तुम्हाला कळवले. तो माझा पहिला मेल, तुमची कारवाई होण्याच्या सहा दिवस आधीचा. दुसऱ्या दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिची पोच दुसऱ्या मेलला जोडली. पैसे घेणाऱ्याने तोवर आम्हाला ब्लॉक केले होते.

आणि सहाव्या दिवशी तुम्ही काय केलेत? गाणे काढलेत. शिल्लक 3,870 रुपये गोठवलेत. आमची आधीची तीन गाणी, ज्यांच्यावर एकही खोटी स्ट्रीम नव्हती, तीही काढलीत. आगमनाच्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर पोरे मोबाइलवर गाणे शोधत होती आणि मी त्यांना ‘नेट गेलंय’ म्हणून सांगत होतो. खरे सांगायची लाज वाटली. चोरी आमच्या घरी झाली होती आणि तोंड आम्ही लपवत होतो.

नियम मला ठाऊक आहेत. स्पॉटिफायने 2024 पासून उघड कृत्रिम स्ट्रीम असलेल्या गाण्यामागे वितरकाला दंड लावला, दरमहा साधारण 10 युरो, म्हणजे जवळपास हजार रुपये. तो तुम्हाला नको, म्हणून तुम्ही कलाकारालाच बाहेर काढता. त्याच वर्षापासून बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे मानधनही मिळत नाही. नवा पोरगा त्या हजारासाठी धडपडतो आणि हेच भामटे नेमके त्याला गाठतात. संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणे पाठवायला एक पैसा लागत नाही, फक्त प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते. हे मला गाणे गेल्यावर कळले. गाणे घेताना तुम्ही अठरा पानांच्या इंग्रजी अटींवर टिक करून घेतलीत, ही एक ओळ मात्र मराठीत सांगितली नाहीत.

आम्ही पैसे दिले, ही आमची चूक, ती मी पहिल्याच मेलमध्ये कबूल केली. पण ज्याने एक रुपयाही दिला नाही त्याचे काय? हे लोक बॉटच्या प्लेलिस्ट खऱ्या वाटाव्यात म्हणून पैसे न देणाऱ्यांचीही गाणी त्यात मिसळतात. उद्या दादरच्या एखाद्या मुलीचे गाणे कुणी असे घुसवले, तर तिला हेलसिंकीचे आकडे दिसायच्या आतच तुमचे छापील पत्र येईल. लुटणारा, लुटला गेलेला आणि ज्याला काही माहीतच नाही असा तिसरा, तिघेही तुमच्या दफ्तरी एकच गुन्हेगार.

धंदा नवा नाही, मुंबईला तर नाहीच. जुलै 2020 मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाच्या बनावट प्रोफाइलच्या तक्रारीवरून क्राइम ब्रँचने कुर्ल्यातून एकाला अटक केली. खोटे फॉलोअर आणि लाइक विकणाऱ्या 50 हून अधिक कंपन्या असल्याचे तेव्हा पोलिसांनीच सांगितले होते. म्हणजे खोटे आकडे विकणारी दुकाने या शहरात आहेत, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. मग तुमच्याकडे एकच शिक्षा का, आणि तीही फक्त गाणाऱ्याला? कोणत्या प्लेलिस्टमधून त्या 59,160 स्ट्रीम आल्या, हे मी पाच वेळा विचारले. ते नाव मिळाले तर माझ्या तक्रारीला पुरावा मिळतो. तुम्ही ते दाबून बसून कोणाला वाचवताय?

खोट्या स्ट्रीमचे पैसे आम्हाला नकोत, एक पैसाही नको. ज्या 2,140 वेळा माणसांनी आमचे गाणे ऐकले, त्यांचे पैसे द्या. जुनी तीन गाणी आजच्या आज परत चढवा. त्या प्लेलिस्टचे नाव लेखी द्या. आणि यापुढे 1930 ची पोच जोडून जो स्वतः येतो, त्याचे गाणे काढण्याआधी सात दिवस त्याचे म्हणणे ऐका.

या पत्राला तिकीट नंबर पाठवू नका. उत्तराखाली माणसाचे नाव आणि सही हवी.