बोल्टमध्येही काटा मारता येतो

भाजीवाल्यानं काटा मारला तर आपण दोन गल्ल्या ऐकू जाईल एवढ्यानं भांडतो. पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आहे का, हे मान वाकडी करून बघतो. पण ज्या ठिकाणी तराजू दिसतच नाही तिथं माप कमी मिळालं तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटारसायकलच्या साइड स्टँडचा बोल्ट ही अशीच एक जागा. बोटाएवढा लोखंडाचा तुकडा, पण सव्वाशे किलोची गाडी उभी राहते ती त्याच्या भरवशावर.

माझ्या गाडीचा हा बोल्ट तुटला तेव्हा सावेडीतल्याच एका गॅरेजमध्ये तो बदलून घेतला. पाच मिनिटांत काम झालं, पैसेही किरकोळ. दीड महिन्यात तोही तुटला. पाइपलाइन रस्त्यावर एका दुकानासमोर लावलेली गाडी आडवी झाली, शेजारच्या सायकलचं चाक वाकलं. त्या जागी सायकलऐवजी एखादं मूल उभं असू शकलं असतं, हा विचार डोक्यातून जाईना. मग दुसऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं तुटलेला बोल्ट हातात घेतला, डोकं पुसलं आणि विचारलं, “साहेब, यावर आकडा कुठं आहे?”

तो आकडा म्हणजेच त्या बोल्टचा तराजू. चांगल्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. पहिल्या आठाचा अर्थ असा, की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंतचा ताण पडल्याशिवाय तो तुटत नाही. दुसरा आठ सांगतो, की त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत, तो कायमचा वाकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा ४.६ दर्जाचा बोल्ट याच हिशेबानं २४० वरच वाकायला लागतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ. पाना तोच, जाडी तीच, पण ताकदीत अडीच पटींहून जास्त फरक.

शिवाय साइड स्टँडचा बोल्ट घडणीनंही वेगळा असतो. डोक्याखाली काही भाग आट्यांशिवाय, गुळगुळीत आणि थोडा जाड ठेवलेला असतो. स्टँड फिरतो तो त्या भागावर. आटे फक्त शेवटी, घट्ट आवळण्यासाठी. तिथं डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घातला, की स्टँड आट्यांवरच घासत राहतो. आटे झिजतात, खेळ वाढतो, स्टँड डुगडुगतो आणि आट्याच्या खाचेतूनच बोल्ट तुटतो. जास्त आवळला तर स्टँड जाम, सैल सोडला तर नट गळून पडतो. त्यात ग्रीस नाही, पावसाचा चिखल आणि स्टँड लावलेल्या गाडीवर बसून तासभर गप्पा मारणारे आपण. स्टँड सैल होऊन चालत्या गाडीत खाली लोंबला आणि डाव्या वळणावर रस्त्याला टेकला, तर माणूस फेकला जातो. नव्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना इंजिन बंद पडण्याची सोय आहे. जुन्या गाड्यांना ती नाही आणि आपल्याकडे रस्त्यावर अजून जुन्या गाड्या भरपूर आहेत.

तुटलेला तुकडा फ्रेममध्ये अडकला असेल तर तो काढणं ही कारागिरीच असते. त्या मिस्त्रीनं गंज सुटायचं तेल सोडून वाट पाहिली, बरोबर मध्यावर पंच मारला, बारीक ड्रिलनं भोक पाडलं आणि उलट्या आट्याचा काढणी-स्क्रू फिरवून तुकडा बाहेर काढला. भोक एका बाजूला सरकलं असतं तर फ्रेमचे आटे गेले असते आणि लेथवाल्याकडे खेटे सुरू झाले असते. तुकड्यावर नट वेल्ड करून काढण्याचीही एक रीत आहे. पण आधी बॅटरीची वायर सुटी करावी लागते, नाहीतर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. हे सगळं तो शाळेत शिकलेला नाही.

आता मुद्द्याचं. कुरआनची ८३वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात खोट करणाऱ्यांबद्दल आहे. आपल्या बयानांत ती आली, की डोळ्यांसमोर धान्याचा तराजू आणि कापडाचा गज येतो. माझं म्हणणं असं, की ८.८ च्या जागी ४.६ लावणं हेही मापात कमी देणंच आहे. किलोतले शंभर ग्रॅम कमी आले तर नुकसान पैशाचं. इथं हातपाय मोडू शकतात. दुसऱ्याची गाडी आपल्याकडे दुरुस्तीला येते तेव्हा ती अमानत असते, आणि अमानतीत “चालतंय की” हा शब्द बसत नाही.

पण सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणं हाही काटा मारण्याचाच प्रकार झाला. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका. “एका बोल्टचे एवढे? पाच मिनिटांचं तर काम!” बोल्टची किंमत सगळ्यांना दिसते. पंच मध्यावर मारायला शिकण्यात गेलेली दहा वर्षं कुणी मोजत नाही. डॉक्टरच्या दोन मिनिटांना आपण निमूट फी देतो, मिस्त्रीच्या तासाभराला घासाघीस करतो. मजुरी पाडून मागणारा गिऱ्हाईक स्वस्त बोल्टचीच मागणी करत असतो, फक्त तसं बोलत नाही. मजुराची मजुरी वेळेवर आणि पुरती देण्याची ताकीद आपल्याला तोंडपाठ आहे. ती गॅरेजच्या दारातही लागू होते.

हा प्रश्न मुस्लिम समाजासाठी आणखी जवळचा आहे. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांहून जास्त आहे आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत त्यांचा वाटा लक्षात येण्याजोगा आहे, हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंही नोंदवलं. मुकुंदनगर असो की सावेडी, आपल्या ओळखीत एक तरी गॅरेजवाला निघतोच. लग्नाच्या बोलणीत मात्र “मुलगा गॅरेजमध्ये आहे” हे वाक्य हळू आवाजात सांगितलं जातं. हुनराची लाज आणि कागदाचा अभाव, दोन्ही एकाच घरात नांदतात.

लाज वाटायचं कारण नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली याच नगरात ओतली गेली आणि तिच्यावर ओतणाऱ्या रूमी उस्तादाचं नाव कोरलेलं आहे. ज्यानं धातूची जबाबदारी घेतली त्यानं आपलं नाव लपवलं नाही. पण नुसता इतिहास सांगून पोट भरत नाही. सावेडीच्या पुढेच नागापूरची एमआयडीसी आहे. तिथं बोल्टचा दर्जा न बघता तो लावणारा माणूस टिकत नाही. तीच शिस्त गल्लीतल्या गॅरेजमध्ये यायला काय हरकत आहे?

त्यासाठी फार काही लागत नाही. आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्तीचं शिक्षण मिळतं. दहावी झालेल्या पोराला थेट गॅरेजवर धाडण्याआधी तिकडे पाठवावं. जे आधीच काम शिकलेत त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. जमातीच्या ज्या लोकांना फॉर्म भरता येतात त्यांनी महिन्यातला एक रविवार या उस्तादांसाठी द्यावा. उस्तादांनी दुकानातल्या पोरांना पान्यासोबत बोल्टवरचा आकडाही वाचायला शिकवावा आणि जुना बोल्ट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन नव्याचा दर्जा दाखवावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी दोनच गोष्टी कराव्यात. बोल्ट लावण्याआधी त्याच्या डोक्यावरचा आकडा विचारावा आणि काम झाल्यावर घासाघीस न करता पैसे द्यावेत. पहिली गोष्ट केली आणि दुसरी टाळली, तर काटा आपणच मारला असं समजावं.