मर्जी नको, कागद हवा

तंजावर–मयिलाडुतुरै रेल्वेमार्गावर कुंभकोणमच्या पुढे तिरुविडैमरुदूर हे छोटे स्थानक लागते. गावाचे जुने नाव मध्यार्जुन. तंजावरच्या भोसले घराण्यातील राजे अमरसिंह यांना कंपनी सरकारने १७९८ साली गादीवरून दूर केले, तेव्हा ते येथे येऊन राहिले. घनम कृष्ण अय्यरांसारखे गायक त्यांच्या पदरी होते. पुढे कृष्ण अय्यर उडैयारपाळयमच्या जमीनदारांकडे गेले. कलावंताची भाकरी तेव्हा धन्याच्या मर्जीवर होती. धनी बदलला की गाव बदलायचे, एवढाच त्याचा हक्क!

आज राजे नाहीत. शेजारच्या तिरुभुवनमला रेशमी साड्या विणल्या जातात, स्वामिमलैला धातूच्या मूर्ती ओतल्या जातात. कारागिरासमोर आता धनी नाही, गिऱ्हाईक आहे. तिरुभुवनम साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाची नक्कल रोखता येते; पण कोणा एकाचे थकलेले बिल त्याने वसूल होत नाही. काम तोंडीच ठरले, तर मर्जीचे राज्य संपले असे कसे म्हणावे?

हा प्रश्न दूरचा नाही. आपल्याही घरांत कोणाचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो, कोणाची मुलगी पत्रिका आणि फलक सजवून देते, कोणी निवृत्तीनंतर मूर्ती घडवतो. ‘ओळखीचे आहेत, लिहून काय घ्यायचे?’ या एका वाक्यात त्यांची मेहनत बुडते. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही वैध असतो. पण तो सिद्ध करताना दम निघतो. म्हणून काम कोणते, किती दिवसांत, आगाऊ रक्कम किती, दुरुस्त्या किती वेळा, काम मध्येच थांबले तर काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. असा कागद ओळख तोडत नाही, टिकवतो.

हक्काचेही तसेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा वा चित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मात्र कलाकृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प उखडल्याबद्दल अमरनाथ सहगल केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष आणि पाच लाख रुपये भरपाई देवविली.

पैसे थकले तर? उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु व्यावसायिकाला २००६ च्या कायद्याचा आधार आहे. लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ही नोंदणी काम घेण्यापूर्वीच हवी.

सेवेतील बांधवांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आचरण नियमांतील नियम १५ प्रमाणे स्वतः धंदा करण्यास पूर्वपरवानगी लागते आणि कुटुंबातील कोणी धंदा करीत असेल तर ते कार्यालयाला कळवावे लागते. ते न कळवून उगीच आरोपपत्र ओढवून घेऊ नये.

बांधवांनो, लेखी अधिकाराचे मोल तुम्हाला कोणी शिकवायला नको. कॉशन ऑर्डर कोणी तोंडी घेत नाही, पावतीशिवाय काऊंटरवर पैसे कोणी स्वीकारीत नाही. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी पोहोचपावतीचे महत्त्व तेच आहे. थकलेल्या बिलाची मागणी त्याच मार्गाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नोकरीत जी शिस्त आपण पाळतो, तीच आपल्या मुलाबाळांच्या कलेला लावू या. श्रम कारखान्यातले असोत की कुंचल्याचे, त्यांचा दाम ही कोणाची मेहेरबानी नव्हे!