‘अस्खलित’ म्हणजे नेमके काय? शब्द आला पायातून, बसला जिभेवर

नोकरीच्या जाहिरातीत ‘अस्खलित इंग्रजी आवश्यक’ अशी ओळ हमखास असते. तिचा अर्थ बहुतेक जण ‘शुद्ध’ किंवा ‘इंग्रजांसारखे’ असा लावतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र वेगळा आहे.

संस्कृतमध्ये ‘स्खल्’ हा धातू आहे. अडखळणे, ठेच लागणे, पाय घसरणे हे त्याचे अर्थ. दरड कोसळण्याला आपण ‘भूस्खलन’ म्हणतो, तो याच धातूपासून. जो अडखळत नाही तो ‘अस्खलित’. म्हणजे शब्द मुळात चालण्याचा, बोलण्याला तो नंतर लागला. तीही गोष्ट जुनीच. प्रियेला हाक मारताना चुकून दुसरीचे नाव तोंडून निघाले, तर संस्कृत काव्यात त्याला ‘गोत्रस्खलन’ म्हणतात. घसरलेल्या जिभेसाठी एवढा नेमका शब्द क्वचितच सापडेल!

इंग्रजीतला ‘फ्लुएंट’ वाहणे या अर्थाच्या लॅटिन ‘फ्लुएरे’पासून आला. तिथे नदीची कल्पना, इथे पायवाटेची. नदीच्या जवळचा आपला शब्द ‘ओघवते’. पण तो भाषेच्या येण्यापेक्षा शैलीला अधिक वापरला जातो.

आता नागपूर-भंडारा महामार्गावरच्या शहापूरकडे पाहू. हा झाडीबोलीचा पट्टा. इथे ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. हिंदीही सगळ्यांच्या कानावरची. शेजारीच जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना असल्याने इतर प्रांतांतले लोकही वस्तीला. त्याआधीही भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दोन भाषांच्या मध्य प्रदेशात होता आणि पुढे १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात. त्यामुळे इथल्या अनेक घरांतले मूल आजीशी झाडीबोलीत, दुकानात हिंदीत आणि शाळेत पुस्तकी मराठीत बोलते. आजीशी बोलताना ते कुठेही थांबत नाही. वर्गात मात्र ‘पानी’ म्हटल्याबरोबर त्याला टोकले जाते. मग ते खरोखरच अडखळू लागते आणि ‘याची मराठी कच्ची आहे’ असा शेरा बसतो.

शब्दाच्या अर्थाने पाहिले तर हा शेरा चुकीचा आहे. ‘अस्खलित’मध्ये ण-न किंवा ळ-रचा प्रश्नच नाही, न थांबता बोलता येते की नाही, एवढेच त्यात आहे. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, परीक्षा तिच्यातच द्यायची आहे. पण उच्चार आणि ओघ यांचे गुण वेगवेगळे द्यावेत. मुलाखत घेणाऱ्यांनीही.