पत्रिका जुळली, आता व्हिसा जुळवा!

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला हुबळीला गेलो होतो. कोप्पीकर रोड म्हणजे तिथली कापडाची मोठी बाजारपेठ. नावातला ‘कर’ ऐकून गोंयकाराला उगाचच आपल्या गावात आल्यासारखे वाटते. दुकानदाराने पांढऱ्याशुभ्र गादीवर साड्यांचा ढीग उलगडला होता, इरकल वेगळी, कांजीवरम वेगळी. पण आमच्या मंडळींचे लक्ष साड्यांकडे कुठे होते? चर्चा चालली होती व्हिसाची! ‘फियान्से’ म्हणून पाठवायची की ‘वायफ’ म्हणून, आधी सही की आधी तिकीट, का सरळ ‘व्हिजिटर’वर पाठवून तिथेच उरकायचे? नवरीमुलगी गादीच्या एका टोकाला बसून मोबाईलमध्ये डोके घालून होती. तिला कुणी साडीचा रंग विचारला, व्हिसाचे मात्र कुणीच विचारले नाही.

हे सारे कोप्पीकर रोडवर चालावे यात एक गंमत आहे. माझी एक आत्या १९५३ साली लग्न होऊन हुबळीला आली, याच रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत. तेव्हा हुबळी गोव्याला परदेश होती, हे आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही. कुळ्याला पोर्तुगीज अंमल संपायचा आणि घाट चढून कॅसलरॉकला हिंदुस्थान सुरू व्हायचा. लोक तरी ये-जा करीत. पण १९५५च्या ऑगस्टमधल्या सत्याग्रहावर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने नाकेबंदी आवळली, रेल्वे थांबली, पणजीतली भारतीय वकिलात बंद झाली. प्रवास परवान्यावर आला. आत्याचे माहेर दीडदोनशे किलोमीटरवर, पण आजीच्या आजारपणात तिला येता आले नाही. ती माहेरी आली ती थेट मुक्तीनंतर, १९६२च्या सुरुवातीला. आजी तोवर गेलेली होती.

आत्या म्हणायची, “माका कोणेंच सांगूंक नाशिल्लें, की हें दुसरें राज्य म्हणून.” तिची पत्रिका पाहिली होती, गोत्र पाहिले होते, घरचे भाट किती तेही पाहिले होते. मधली सरहद्द कुणी पाहिली नव्हती. आज सत्तर वर्षांनी आपण सरहद्द पाहतो खरी, पण मुलीच्या डोळ्यांनी नव्हे, एजंटाच्या डोळ्यांनी पाहतो. माझे भांडण आहे ते याच्याशी.

आता आमच्या भाचीचे प्रकरण ऐका. मुलगा फोंड्याकडचा, आपल्यातलाच. त्याच्या आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणून त्यांची नोंद लिस्बनच्या दप्तरात झाली, मग बापाची आणि मग ह्याची. २०१५ साली पोर्तुगेज पासपोर्ट खिशात घालून तो इंग्लंडात स्विंडनला गेला. गोंयकारांची स्विंडनमध्ये केवढी वस्ती आहे ते मी सांगायला नको. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे, एका गोदामात काम करतो. म्हणजे फोंड्याच्या मुलाशी लग्न आणि तरीही परदेशी माणसाशी लग्न! आत्याच्या वेळी गाव परदेश होते, आता गावचा मुलगाच परदेशी आहे.

स्थळ आले तेव्हा आमच्या बहिणीचे उत्तर एकच, “आगो, ताका पुर्तुगेज पासपोर्त आसा न्ही, मागीर कितें?” एके काळी हे बरोबरही होते. ब्रिटन युरोपीय संघात असताना पोर्तुगेज नागरिकाला आपली बायको तिथे नेण्यासाठी पगाराची अट नव्हती. उलट खुद्द ब्रिटिश माणसाला जुलै २०१२पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावे लागत असे. पण ब्रेक्झिट झाले, ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि ते दार बंद झाले. त्यानंतर ज्यांचे नाते जुळले त्यांना ब्रिटिश माणसाच्याच रांगेत उभे राहावे लागते. आणि ११ एप्रिल २०२४पासून नव्या अर्जदारांसाठी ती रक्कम २९,००० पौंड झाली. आमच्या जावईबापूंचा पगार तेवढा भरत नाही. पासपोर्टाची ऐट उरली, त्यातली ताकद गेली.

इथे एजंट प्रवेश करतो. हे एक ‘कन्सल्टंट’ म्हणवणारे गृहस्थ, नाव घेत नाही. ते म्हणाले, “काळजी नको. व्हिजिटर व्हिसा काढू, मुलगी फिरायला जाते म्हणून सांगू, तिथे लग्न, मग कन्व्हर्ट.” आणि आमची सुशिक्षित मंडळी माना डोलावू लागली!

मंडळी, हा रस्ता नव्हे, खड्डा आहे. साध्या व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये जाऊन लग्न करता येत नाही. त्यासाठी वेगळा ‘मॅरेज व्हिजिटर’ व्हिसा असतो आणि त्यावर गेलेल्याने लग्न करून परत यायचे असते. पाहुणा म्हणून शिरून तिथल्या तिथे बायको म्हणून ‘कन्व्हर्ट’ होता येत नाही. आणि अर्जात खोटे लिहिल्याचे उघडकीस आले तर दहा दहा वर्षे दार बंद होऊ शकते. ते एजंटाला नव्हे आणि पोर्तुगेज पासपोर्टवाल्या नवऱ्यालाही नव्हे, अर्जावर जिची सही आहे तिला!

सरळ रस्ते दोनच. एक, ‘फियान्से’ म्हणून जायचे. सहा महिन्यांची मुदत, त्यात लग्न करायचे, त्या काळात नोकरी करायची नाही, आणि लग्नानंतर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवी फी. दुसरा, इथे रीतसर लग्न करून ‘स्पाउज’ म्हणून जायचे. सुरुवातीला दोन वर्षे नऊ महिने, मग वाढवायचे, आणि साधारण पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. गोव्यात तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची नोंद करावीच लागते, म्हणजे दाखला आपोआप हातात. तेव्हा आपल्यासाठी दुसराच मार्ग शहाणपणाचा, हे सांगायला कन्सल्टंट कशाला हवा? पगाराची अट मात्र दोन्हीकडे आहे. ती भरत नसेल तर वाट पाहायची, नाहीतर संसार दुसरीकडे थाटायचा.

“एवढे काय त्यात, एक खोटे!” असे म्हणणाऱ्यांना १९७९ची आठवण करून देतो. त्या काळी इंग्लंडात वाग्दत्त वधू तीन महिन्यांत लग्न करणार असेल तर तिला आधी व्हिसा लागत नसे. लग्न झालेल्या बायकोला मात्र कागदपत्रांसाठी लांबलचक थांबावे लागे. म्हणून अधिकाऱ्यांना संशय, की बायकाच वाग्दत्त म्हणून येताहेत. जानेवारी १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. ती लग्नालाच आली होती. ती ‘खरोखर अविवाहित’ आहे का, हे पाहायला तिची कौमार्य तपासणी केली गेली! वर्तमानपत्रात बातमी आली, दोन्ही देशांत गदारोळ झाला, तेव्हा कुठे ते बंद झाले. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही असे प्रकार झाल्याचे पुढे २०११ साली उघड झाले. अपराध त्या सरकारचा, शंभर टक्के त्याचा. त्या बाईने काहीच खोटे केले नव्हते. पण लक्षात घ्या, संशयाचा दंड भरला तो बाईने, आपल्या शरीराने. ‘सेटिंग’च्या गोष्टी करणारे पुरुष तेव्हाही विमानतळाबाहेर फुले घेऊन उभे असतात.

आणखी एक नाव सांगतो, कारण एजंट लोक त्याचा मंत्रासारखा जप करीत असत : सुरिंदर सिंग. हा भारतीय नागरिक, बायको ब्रिटिश. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी केली आणि ती इंग्लंडला परतली. युरोपीय न्यायालयाने १९९२ साली ठरवले, की परतताना तिला युरोपीय कायद्याचे हक्क आहेत, म्हणून नवऱ्यालाही राहू द्या. पुढे या निकालाचा ‘रूट’ झाला, काही महिने दुसऱ्या देशात राहून यायचे आणि पगाराची अट चुकवायची. पण मूळ गोष्ट काय? ते जोडपे जर्मनीत खरोखर राबले होते. संसार आधी झाला, कायदा मागून आला. आपण उलटे करतो, आधी ‘रूट’ शोधतो आणि त्यात संसार कोंबतो.

आता आपल्या घरच्या एका खोडीबद्दल. व्हिसासाठी दाखला हवा म्हणून गोव्यात ‘सही’ आधी उरकून घेतात. आज पहिली सही, पंधरवड्याने दुसरी, आणि हॉलमधले लग्न सवडीने, सहा महिन्यांनी. मधल्या काळात मुलगी माहेरीच, ‘अजून लग्न कुठे झालंय’ म्हणत. अहो, झाले की! दुसरी सही झाली की कायद्याने लग्न लागले. व्हिसा नाकारला गेला, मने फिरली, तरी मग कोर्टाची पायरी चढल्याशिवाय सुटका नाही. अक्षता पडल्या नाहीत म्हणून ती कुमारिका राहत नाही. सहीला आपण साखरपुडा समजतो, त्याची किंमत पुन्हा मुलीच मोजतात.

आणि त्या सहीचा अर्थ तरी ठाऊक आहे का? आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते, बायको अर्ध्याची वाटेकरीण ठरते. देशभर समान नागरी कायद्याचा विषय निघाला, की आपण छाती फुगवून हे सांगतो. तीच अर्ध्याची वाटेकरीण व्हिसाच्या कागदावर काय होते? ‘डिपेंडंट’! आश्रित! तिचे राहणे नवऱ्याच्या नात्याला बांधलेले. पाच वर्षांच्या आत नाते तुटले तर मारहाणीसारख्या प्रसंगासाठी वेगळी तरतूद आहे, एरवी राहण्याचा हक्कच जातो. अमेरिकेत एच-फोर व्हिसावर गेलेल्या किती इंजिनियर मराठी मुली वर्षानुवर्षे नोकरीविना बसल्या! २०१५ साली त्यांतल्या काहींना कामाची मुभा मिळाली, तीही सगळ्यांना नाही. आणि आपले सरकार फार उदार आहे असेही नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळते ते नोंदलेले लग्न सलग दोन वर्षे टिकल्यावर, आणि लग्न मोडले तर ते रद्द होऊ शकते. म्हणजे सगळीकडे एक आश्रित ठरतोच. व्हिसाचा मार्ग निवडणे म्हणजे दोघांपैकी आश्रित कोण, हे ठरवणे. प्रश्न एवढाच, की तो दर वेळी मुलीकडेच का येतो?

आमची भाची अनुदानित विद्यालयात कायम शिक्षिका आहे. बी.एड. करून, मुलाखतींच्या चपला झिजवून मिळवलेली नोकरी. तिने राजीनामा द्यायचा, सहा महिने बसायचे, मग स्विंडनच्या गोदामात पाळीने उभे राहायचे, हे घरात कुणाला खटकले नाही. मी त्या दुकानातच विचारले, “मुलगाच इकडे आला तर?” गादीवर अशी शांतता पसरली, की दुकानदाराने घडी घातलेली साडी पुन्हा उलगडली.

का नाही? तो जन्माने इथला, पूर्वीचा भारतीय नागरिक. त्याला ओसीआयसाठी लग्नाचीसुद्धा गरज नाही. जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचे कागद लागतात, आणि त्या कागदांपायी गोव्यात किती जणांची दमछाक झाली ते ठाऊक आहे. पण कागद नीट असतील तर आयुष्यभर राहण्याची सोय, खाजगी नोकरी, धंदा, सारे करता येते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र राहते. म्हणजे ज्या मार्गात पगाराची अट नाही, खोटे बोलणे नाही, कुणाची नोकरी जात नाही, तोच मार्ग आमच्या यादीत नव्हता. कारण बायकोच्या गावी राहायला येणारा नवरा म्हणजे ‘घरजावई’, आणि परत आलेला पोर्तुगेज पासपोर्टवाला म्हणजे ‘हरलेला’.

तुम्ही म्हणाल, मामाने लग्नात बिब्बा घातला. तसे नाही. तिकडे पगार आहे, पोरांच्या शाळा आहेत, इथे काय आहे, हा प्रश्न खोटा नाही. भाचीने विचार करून स्विंडन निवडले तर मी स्वतः दाबोळीवर सोडायला जाईन. पण तिने निवडावे. वराकडून पत्रिका मागता, तसे पगाराचे कागद, स्टेटसचे कागद मागा. कुठे राहायचे ते दोघांनी ठरवावे, मग त्या गावाचा सरळ मार्ग पाहावा, आणि अर्जात जे खरे आहे तेच लिहावे. मार्ग लांबचा असेल तर लग्न वर्षभर पुढे ढकला. हॉलचे बुकिंग बुडेल, बुडू दे.

त्या दिवशी साड्या घेतल्या. भाचीने शेवटी स्वतः निवडली ती इरकल, गर्द जांभळी, कांजीवरम नको म्हणाली. दुर्गदबैलला गिरमिट खाताना तिने हळूच विचारले, “मामा, तो ओसीआयचा फॉर्म कुठे मिळतो?” मी म्हटले, “फॉर्म सोपा आहे गं, आधी त्याला विचार.” “विचारलं,” ती म्हणाली. “विचार करतो म्हणालाय.”

बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही. असो. तेवढे चालेल.